चोविसावा थर

अद्ध्यांचा ढीग संपला होता.

टेलरच्या हे लक्षात आलं सकाळी दहाच्या सुमारास, तेही चहाच्या पातेल्याखाली लावायला विटेचा तुकडा शोधताना. शेडच्या मागे, कुंपणाच्या कोपऱ्यात, तिसऱ्या ट्रकमधल्या फुटक्या विटा रचून ठेवल्या होत्या. भट्टीवाल्याच्या माणसांनी तो माल असा काही आपटून उतरवला होता की निम्म्या विटांचे मधोमध दोन तुकडे झाले. सासऱ्यांनी तेव्हाच बजावलं होतं, यातला एकही अद्धा भिंतीत जाणार नाही, हे सगळे जमिनीच्या भरावात. भराव तर अजून सुरूच झाला नव्हता. आणि कंबरेएवढ्या ढिगाच्या जागी चार टवके आणि मातीवर एक चौकोनी डाग, एवढंच उरलं होतं.

ती पातेलं विसरली. अद्धे कुणी चोरून नेत नाही. अख्ख्या विटांचा चट्टा शेजारीच उभा असताना फुटक्या विटा उचलणारा चोर अजून जन्मायचा होता. मग दोन-अडीचशे तुकडे गेले कुठे? याचं उत्तर तिच्यासमोर नऊ-साडेनऊ फूट उंच उभं होतं, आणि त्याच्या सावलीत खुर्ची टाकून सासूबाई बसल्या होत्या. त्यांच्या पायाशी चिमणी, म्हणजे टेलरची चार वर्षांची मुलगी, वाळूचे लाडू वळत होती.

टेलर हे नाव सासऱ्यांनी ठेवलेलं. सून होऊन आली तेव्हा ती शाळांचे गणवेश शिवायची. बांधकाम सुरू झालं, मजूर धरणं परवडेना, घरच्यांनीच हात चालवायचे ठरले, तेव्हा हिनं पहिल्याच दिवशी लावलेला थर पाहून सासरे म्हणाले होते, ही वीट लावत नाही, टीप मारते. दोन वर्षांत घराची पुढची भिंत तिनं जवळजवळ एकटीनं उचलली होती. चाळीस वर्षं लोकांची घरं बांधलेल्या गवंड्याच्या पोटच्या पोरांना जे जमलं नाही ते सुनेला जमलं, यावर घरात बरीच थट्टा व्हायची, आणि थट्टेत असते तेवढी जळजळही.

सासऱ्यांची बांधणी जुनी. एक थर विटा लांबीत घालायच्या, शेजारी शेजारी दोन रांगांत. त्यावरच्या थरात प्रत्येक वीट आडवी, दोन्ही रांगांवर बसलेली, एका अंगाकडून दुसऱ्या अंगापर्यंत. तिला ते आरपार म्हणत. नऊ इंची भिंत ही खरं तर दोन भिंती, पाठीला पाठ लावून उभ्या, एका घरात राहून एकमेकींशी न बोलणाऱ्या जावा. आरपार वीट त्यांना धरून ठेवते, असं ते शिकवायचे. आरपारच्या जागी दोन्ही बाजूंनी एकेक अद्धा खुपसला तर बाहेरून कुणाच्या बापाला कळत नाही. तोंड तेच दिसतं. फक्त पोटात, मधोमध, वरपासून खालपर्यंत एक फट राहते. मग वर भार आला की आतली रांग वेगळी, बाहेरची वेगळी, आणि भिंतीला पोट सुटतं. कधी सुटेल ते सांगता येत नाही, आणि भीती तेवढ्याचीच.

आज दोन वाजता भार येणार होता. धाकटा, तिचा नवरा, क्रेनवर ड्रायव्हर होता. मालकाच्या हातापाया पडून त्यानं एका सुट्टीच्या दिवसापुरती क्रेन मागून घेतली होती. चार लोखंडी तुळया मागच्या भिंतीवर चढायच्या होत्या, मग पत्रे, मग छप्पर. दोन वर्षं पत्र्याच्या शेडमध्ये काढलेलं कुटुंब आज पहिल्यांदा स्वतःच्या भिंतींमध्ये झोपणार होतं. म्हणून तर सगळे जमले होते.

ती परांचीवर चढली. वरच्या थरावर तुळया बसवायला सिमेंट-वाळूच्या मालाचा गुळगुळीत पट्टा ओढलेला होता. तिनं थापीच्या टोकानं तो हातभर खरवडला. वरचा थर आरपारचा हवा होता. खाली निघाले ते अद्धे, दोन बाजूंना दोन, आणि मधोमध सरळ रेघ. तिनं वावभर पलीकडे खरवडलं. तिथेही रेघ. खालून चिमणी ओरडली, "आई, मला वर घे ना."

"तिथून बाजूला हो," टेलर म्हणाली. आवाज तिचा तिलाच ओळखू आला नाही. "आजीला घेऊन शेडमध्ये जा. ऊन लागेल."

ऊन भिंतीच्या पलीकडे होतं. पण आजी उठल्या. आवाजात काहीतरी असणार.

*

भिंतीचा हा वरचा भाग तीन आठवड्यांपूर्वी झाला होता. त्या आठवड्यात चिमणीला कांजिण्या आल्या होत्या आणि टेलर तिला घेऊन माहेरी गेली होती. धाकटा क्रेनवर बाहेरगावी. कामावर होते फक्त सासरे, आणि त्यांच्या हाताखाली थोरला. थोरल्यानं मुद्दाम रजा काढली होती.

त्यामुळे टेलरनं नवऱ्याला बाजूला घेऊन सांगितलं, तेव्हा त्याला हिशोब करायला फार वेळ लागला नाही. दादाच, तो म्हणाला. दादाला वाया घालवणं जमत नाही, पेन्सिलीचं बुटुक होईपर्यंत लिहितो, त्यालाच फुटक्या विटांचा कळवळा आला असणार. टेलर म्हणाली, पण बाबा होते ना तिथे. धाकटा म्हणाला, बाबांना हल्ली जवळचं नीट दिसत नाही, दादानं तुकडे पुढे केले असतील आणि बाबांनी विश्वासानं लावले असतील. हे बोलता बोलताच तो तापला. तो असाच होता, आधी तापायचा आणि मग विचार करायचा, आणि विचार करायची पाळी येईपर्यंत सगळं होऊन गेलेलं असायचं.

थोरला पाण्याची नळी गुंडाळत होता. वय पंचेचाळीस, डेपोत कारकून, लग्न दोनदा ठरवलं आणि दोन्ही वेळा घाबरला. भाऊ आणि भावजय आपल्या दिशेनं येताना दिसली आणि त्याला कळलं. तीन आठवडे तो याच क्षणाची वाट पाहत होता. रोज पहाटे उठून तो भिंतीला हात लावून बघायचा, बोटानं सांधे चाचपायचा, कुठे भेग दिसते का ते पाहायचा, आणि नाही दिसली की त्याला आणखीच भीती वाटायची.

"दादा, अद्धे कुठे गेले?" धाकट्यानं विचारलं.

थोरल्यानं नळी खाली ठेवली. त्याला आठवला तो मंगळवार. सकाळची वेळ, बाबा परांचीवर, हा खालून विटा देत होता. बाबांनी एक अख्खी वीट उचलली आणि ती त्यांच्या हातातून निसटून थेट याच्या पायाजवळ पडली. बाबा हाताकडे बघत राहिले. मग म्हणाले, घाम आलाय. दुसरी वीट त्यांनी दोन्ही हातांनी धरून कशीबशी बसवली. मग बराच वेळ काहीच झालं नाही. मग वरून आवाज आला, अद्धे दे. यानं विचारलं, बाबा, अद्धे? तेव्हा ते म्हणाले, गवंडी मी आहे की तू. यानं दिले. एका हातात मावेल एवढा तुकडा, डाव्या हातात. दिवसभर दिले. पुढचे दोन दिवसही दिले. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी खाली उतरताना बाबा एवढंच म्हणाले, टेलरला सांगू नकोस. बाबांनी त्याच्याकडे जन्मात काही मागितलं नव्हतं. तेवढं एकच मागितलं.

"मी घातले," थोरला म्हणाला.

"तू?"

"बाबा दुपारचे आडवे व्हायचे. तेवढ्यात मी थोडे थर लावले. मला वाटलं, काय होतंय."

धाकट्यानं त्याची कॉलर धरली. टेलर मध्ये पडली नाही. तिचं लक्ष थोरल्याच्या तोंडाकडे होतं. हा माणूस लहानपणी बापाच्या हाताखाली वीट सरळ लावायला कधी शिकला नाही. दुपारच्या तासाभरात यानं दोरीत थर लावला आणि तो एवढा सरळ आला? वरच्या थरांत एक सांधा इकडचा तिकडे नाही. पण हे मनात येऊनही ती बोलली नाही, कारण बोललं तर पुढचं नाव घ्यावं लागलं असतं.

*

ताई, या दोघा भावांची बहीण, आली ती या गोंधळात. नाइट ड्यूटी संपवून सरळ हॉस्पिटलातून, खांद्याला पिशवी, डोळे तांबारलेले. नर्सिंगमध्ये तिची बावीस वर्षं गेली होती आणि घरात शिरताना ती अजूनही आधी माणसं मोजायची आणि मग चेहरे. कुणीतरी कुणाची कॉलर धरलीय हे पाहून तिनं पिशवी खाली टाकली, दोघांना दोन बाजूंना ढकललं, आणि काय झालं ते टेलरकडून ऐकून घेतलं.

ऐकता ऐकता तिची नजर बाबांकडे गेली. सिमेंटच्या दोन पोत्यांवर ते बसले होते, सगळ्यांपासून दहा पावलांवर. सगळं ऐकू येत असणार, पण उठले नव्हते. उजवा हात खिशात. शर्टाच्या वरच्या दोन बटणांपैकी एकही लावलेलं नाही, आणि लावलेली होती त्यांतलं एक चुकीच्या काजात. बाजूला चहाचा कप होता, डाव्या हाताला. सकाळपासून सगळ्यांनी हे पाहिलं असणार आणि कुणालाच दिसलं नव्हतं. तिला अशी माणसं रोज दिसायची, आणि त्यांच्याबरोबर आलेली घरची माणसं रोज सांगायची, काही नाही हो, हात जरा जड झालाय.

आई, चिमणीची आजी, शेडच्या दारात येऊन उभी होती. तिला क्रेनची काळजी. आता तुळया चढल्या नाहीत तर क्रेन पुन्हा कधी, मालक पुन्हा देईल का, या पत्र्यात आणखी किती दिवस, असं सगळं तिनं एका दमात विचारून घेतलं. लग्न पाहावं करून आणि घर पाहावं बांधून म्हणतात, ती म्हणाली, मी दोन्ही पाहिलं, आता मला छप्पर पाहू द्या. तुमचं भांडण छपराखाली बसून करा. एवढी वर्षं उभी भिंत काय आजच पडणार आहे?

"आई, तीन आठवडे झालेत तिला," टेलर म्हणाली. "आणि आजवर तिच्यावर काही ठेवलेलं नाही. तुळईचं टोक आतल्या रांगेवर टेकणार. त्याच्याखाली तुमची खाट लागणार, तिच्याशेजारी चिमणीची."

मग आईला काय वाटलं कुणास ठाऊक, हळूच म्हणाली, "त्या आठवड्यात ठोकण्याचा आवाज आला नाही."

सगळे तिच्याकडे बघायला लागले. या घरात एक रीत होती. आरपारचा थर पुरा झाला की बाबा थापीच्या लाकडी मुठीनं प्रत्येक वीट एकदा ठोकायचे आणि कान लावायचे. अख्खी वीट पलीकडून उत्तर देते, असं त्यांचं म्हणणं. चाळीस वर्षं आईनं तो आवाज ऐकला होता, कामाच्या जागेवर राहून स्वयंपाक करताना, कपडे धुताना. दोन वर्षं तर रोज.

"मला वाटलं, घाई असेल," आई म्हणाली. "विचारलं नाही. आणि खाट ओढून घेतली ना त्यांनी. उकाड्यामुळे रात्री बाहेर निजतो, माझी खाट होती भिंतीकडे. एके रात्री माझ्या आणि भिंतीच्या मध्ये स्वतःची घातली. म्हणाले, इकडे वारा लागतो."

ताईनं पुन्हा बापाकडे पाहिलं. ते खाली बघत होते.

धाकट्यानं मात्र यातलं काहीही ऐकलं नव्हतं. त्याला काम दिसत होतं. साडेअकरा झाले होते, क्रेन यायला अडीच तास. तो म्हणाला, दादानं जेवढे थर घातले तेवढे उतरवू, टेलर पुन्हा लावेल, ओल्या मालावर तुळया चढणार नाहीत पण क्रेन आणणारा दोस्तच आहे, त्याला पुढच्या सुट्टीला बोलवीन. किती थर घातलेस ते सांग. उगाच सगळी भिंत कशाला पाडायची?

थोरल्याला माहीत नव्हतं. तो खाली होता, विटा देत होता. वर कितवा थर चाललाय हे त्यानं कधी मोजलंच नव्हतं. त्याच्या चेहऱ्यावर परीक्षेत बसलेल्या पोराचा भाव आला. "चार," तो म्हणाला. "वरचे चार."

"नक्की?"

"चार. पाच असतील. नाही, चारच."

टेलर भिंतीकडे पाहत होती. चार थर. म्हणजे दोन आरपार. ती चार थर उतरवील, अख्ख्या विटांनी पुन्हा बांधील, आणि त्याखाली आणखी किती थर पोकळ आहेत हे कुणालाच कळणार नाही. वरून घट्ट, खाली उभी फट. सगळे निर्धास्त झोपतील. हे आधीपेक्षा वाईट होतं. तिला सासऱ्यांकडे बघायचं नव्हतं. पण बघितलं गेलं.

ते उठले होते.

"तेविसाव्यापर्यंत भिंत खरी आहे," ते म्हणाले. आवाज नेहमीचा, फक्त शब्द जरा ओले, तोंडात काहीतरी असल्यासारखे. "चोविसाव्यापासून उतरवा. चोविसाव्यातही पहिल्या सात अख्ख्या आहेत, डाव्या कोपऱ्याकडून. आठवीपासून अद्धे. नऊ थर, त्यांतले पाच आरपारचे. चार नव्हे."

धाकटा थोरल्याकडे बघत राहिला, मग बापाकडे, आणि त्याचा चेहरा असा उतरला की टेलरला त्याची कीव आली. मघाशी धरलेल्या कॉलरचं एक बटण त्याच्याच पायाशी पडलं होतं.

"त्याला बोलू नका," बाबा थोरल्याकडे हनुवटी करून म्हणाले. "त्यानं नुसते दिले. लावले मी."

"कशाला पण?" हे आईनं विचारलं.

"मंगळवारी सकाळी हात गेला," बाबा म्हणाले. "म्हणजे होता. दिसत होता. पण वीट उचलली की ती कोण उचलतंय ते कळेना. मला वाटलं, दुपारपर्यंत येईल. मग वाटलं, उद्या येईल. अख्खी वीट एका हातानं आडवी बसत नाही. अद्धा बसतो."

"थांबायचं ना मग, बाबा," ताई म्हणाली. तिचा आवाज चढला होता. "मला एक फोन करायचा. त्याच दिवशी, त्याच सकाळी. पहिल्या दोन-तीन तासांत आणलं असतं तर…" ती पुढचं बोलली नाही. पुढचं तिला पाठ होतं आणि ते बापाला सांगण्यात आता अर्थ नव्हता.

"फोन केला असता तर तू काम थांबवलं असतंस."

"थांबवलंच असतं."

"मग मी काय केलं असतं? खुर्चीवर बसून सुनेला वीट कशी धरायची ते सांगितलं असतं?" ते टेलरकडे वळले. "तुझी भीती वाटली मला. यांची नाही. यांना कळलंच नसतं. तू आलीस की वर चढशील आणि एक बोट लावून सांगशील, हे मला ठाऊक होतं. म्हणून वरून मालाचा पट्टा ओढला. माझ्या हातानं, माझ्याच कामावर."

टेलरला राग यायला हवा होता. त्या भिंतीखाली तिची पोर सकाळी वाळूत खेळत होती. आणि तरीही तिला दिसत होता तो म्हातारा, परांचीवर एकटा, डाव्या हातात अद्धा धरून, रोज संध्याकाळी खाली उतरून आपल्याच भिंतीकडे बघणारा. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या होत्या आणि तिला त्यांचा मेळ घालता येईना.

"आज तुळया चढल्या असत्या तर?" तिनं विचारलं. "बोलला असता?"

"बोलणार होतो. सकाळी उठल्यापासून बोलणार होतो." त्यांनी कपाकडे पाहिलं. "नाही, खोटं कशाला सांगू. नसतो बोललो. खाट भिंतीला लावून पडलो असतो. रोज."

आईनं शेडमधून चिमणीला उचललं आणि ती कुंपणापाशी जाऊन बसली.

*

क्रेन रद्द झाली. धाकट्यानं फोन केला तेव्हा तो एवढ्या हळू बोलत होता की पलीकडच्या माणसानं तीनदा विचारलं, घरात काही झालंय का. मग तो थोरल्यापाशी गेला, खाली पडलेलं बटण उचलून त्याच्या हातात दिलं, आणि दोघे परांचीवर चढले. माफी मागण्याची पद्धत या घरात कधीच नव्हती; एकानं पहार धरायची आणि दुसऱ्यानं हातोडी, म्हणजे झालं.

ताईला बाबांना तत्काळ न्यायचं होतं. तिनं रिक्षा बोलावली होती, हॉस्पिटलला कळवलं होतं. बाबा म्हणाले, तीन आठवडे गेले, आणखी तीन तासांनी काय होणार. ताई म्हणाली, तीन तासांत काय होतं ते मी रोज बघते. पुन्हा झालं तर? हे ती सगळ्यांसमोर बोलली आणि मग सगळ्यांनाच ते दिसायला लागलं, तो हात, मग पाय, मग बोलणं. बाबा दर दोन मिनिटांनी तोंड पुसत होते आणि आता प्रत्येक वेळी चार माणसं त्यांच्याकडे बघत होती.

शेवटी सौदा झाला. चोविसावा थर पुन्हा लागेपर्यंत. एकच. त्यानंतर एक मिनिट नाही. ताईनं रिक्षावाल्याला थांबवून ठेवलं आणि घड्याळ हातातून काढून समोर ठेवलं.

नऊ थर उतरायला कष्ट पडले नाहीत, आणि तेच भयंकर होतं. पहारीच्या एका धक्क्यानं आतली रांग सुटी व्हायची आणि बाहेरची तशीच उभी राहायची, तिला काही पत्ताच नसल्यासारखी. धाकटा पहिल्यांदा ते पाहून दोन पावलं मागे सरला आणि परांचीची काठी धरून उभा राहिला. "हे आपल्यावर असतं," तो पुटपुटला. थोरल्यानं मान हलवली. त्याला हे तीन आठवडे रोज दिसत होतं.

दोन वाजून गेल्यावर चोविसावा थर उघडा पडला. टेलरनं डाव्या कोपऱ्याकडून मोजल्या. एक ते सहा नेहमीच्या, सासऱ्यांच्या हाताच्या. सातवी अख्खी होती, पण तिरपी, एक कोपरा वर आलेला, आणि तिच्याखालचा माल बोटांनी दाबून दाबून कोंबलेला. तो बोटांचा माग आता दगडासारखा कडक झाला होता. तिनं ती वीट काढली नाही. आठव्या जागेपासूनचे सगळे अद्धे उचलून बाजूला ठेवले, जागा पाण्यानं धुतली, नवा माल पसरला.

खाली बाबा परांचीच्या पायाशी उभे होते. दोरीचं एक टोक त्यांनी डाव्या मनगटाला गुंडाळून ताणून धरलं होतं. ताई त्यांच्या मागे एक हात अंतरावर, पडले तर धरायला. आई चिमणीला मांडीवर घेऊन कुंपणापाशी, भिंतीपासून जमेल तेवढी लांब.

थोरल्यानं अख्खी वीट वर दिली. टेलरनं ती दोन्ही हातांनी धरली, दोन्ही रांगांवर आडवी बसवली, दाबली, दोरीला भिडवली.

"ठोक," बाबा म्हणाले.

तिनं थापी उलटी केली आणि मुठीनं विटेच्या डोक्यावर एकदा ठोकलं. बाबा डोळे मिटून ऐकत होते. ओल्या मालात बसलेली वीट खणखणत नाही, ती बद्दच वाजते, आणि हे त्यांना सगळ्यांपेक्षा जास्त माहीत होतं.

"पुढची."

ती लावत गेली आणि ठोकत गेली. प्रत्येक विटेला ते पुढची म्हणत होते, आणि पंधराव्या-सोळाव्या विटेनंतर तो शब्द नीट उमटेना. ताईनं एकदा घड्याळाकडे पाहिलं, एकदा त्यांच्या ओठांकडे, आणि पुढे झाली. त्यांनी मान हलवून तिला थांबवलं. मग ते नुसतं बोट वर करायला लागले. टेलर घाई करत होती, आयुष्यात पहिल्यांदा ती वीट लावताना घाई करत होती, आणि तरी सांधा चुकू देत नव्हती. थोरला वीट देत होता, धाकटा माल.

शेवटच्या विटेला उजव्या कोपऱ्यात जागा उरली ती बरोबर एका विटेची. तिनं ती बसवली, ठोकली आणि खाली पाहिलं.

बाबांनी बोट वर केलं नाही. ते भिंतीकडे बघत होते. मग त्यांनी मनगटावरची दोरी दातांनी सोडवली, मागे वळले, आणि सकाळपासून खिशात असलेला उजवा हात डाव्या हातानं बाहेर काढून ताईच्या हातांत ठेवला.

"बघ," ते म्हणाले.